निरोगी नमुना, नंबर सात

४ जानेवारी

वही नवी, सुरुवात जुनी. या दोन हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा –

आईच्या खोलीतला पंखा, दोन मेलेल्या पंख्यांतून एक जिवंत. मोरीच्या दाराची कडी, कितीही जोरात ओढली तरी न वाजणारी. लेकीचं पुस्तकांचं कपाट. एकही खिळा नाही, सगळे सांधे. हिच्या शिलाई मशीनचं पायडल. संशोधन संस्थेत – केसासारख्या बारीक काचेच्या नळ्या ओढायचं यंत्र. सूक्ष्मदर्शकाचा सरकता पाट. थंड कपाटातल्या नमुन्यांचे स्टीलचे बिल्ले, आकडे हाताने कोरलेले, आठाचं पोट कुठेही फुटलेलं नाही. आणि ऊबपेटी.

बाकीचे तिला इन्क्युबेटर म्हणतात. इन्क्युबेटर बाजारात मिळतो. ही ऊबपेटी. सूक्ष्मदर्शकावर बसते, आतल्या बशीतल्या पेशींना अंगाइतकी ऊब देते, आणि काटा तसूभर हलत नाही. शाळा नववीत सुटली. संस्थेत लागलो तो पंप दुरुस्त करायला. पुढचं सगळं उघडून, बिघडवून, पुन्हा जोडून शिकलो. डिग्री भिंतीवर नाही म्हणून भिंतीला काही कमी पडलेलं नाही.

एक मात्र कबूल – बशीत जे चालतं त्याचं नवल अजून ओसरत नाही. माणसाच्या हाताच्या कातडीचा कण घेतात. प्रयोगशाळेतली चष्मिश पोरगी त्याला काय काय पाजून बालपणात नेते, आणि तिथून वळवून हृदयाचा स्नायू करते. मग तो बशीत ठोके देऊ लागतो. छाती नाही, माणूस नाही, नुसते ठोके.

९ जानेवारी

औषधाच्या कंपनीचा माणूस आला होता. बूट असे की पाय ठेवताना फरशीला लाज वाटावी. पेटीभोवती दोनदा फिरला. "कुठून मागवली?" प्रयोगशाळा चालवणाऱ्या डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "आमच्या उस्तादांनी बनवली." त्याने फोटो काढले. जाताना म्हणाला, "साहेब, आपण बसून बोलू."

साहेब! हिला सांगितलं. म्हणाली, "बोलणी होईस्तोवर तो गिझर तेवढा बघा, साहेब."

१० जानेवारी

गिझर बघितला. वायसर गेला होता.

१७ जानेवारी

नवं काम सुरू झालंय. ज्या घराण्यांत माणसं धडधाकट असताना अचानक जातात, त्यांच्यातल्या काहींच्या पेशी आणल्यात. शेजारी तुलनेला आमचे जुने निरोगी नमुने. सगळ्यांवर एकच औषध टाकायचं – माणूस धावला, घाबरला की अंगात जो रस सुटतो, तो. निरोगी पेशींनी ठोके वाढवायचे आणि नंतर गुपचूप खाली यायचं. आजारी पेशी अडखळतात. कुठे अडखळतात ते पाहून औषध शोधायचं.

दुपारी चष्मिश दारात उभी. ही डॉक्टरबाईंच्या हाताखालची पोरगी – हुशार आहे, पण चष्मा नाकावर न राहता कायम डोक्यावर.

"काका, रागावू नका. पेटी तापतेय का जरा?"

"का?"

"निरोगी नमुन्यातला एक अडखळतोय. नंबर सात."

"मग तुझं पाजणं चुकलं असेल."

"दोनदा नव्याने केलंय, काका."

पेटी तापतेय म्हणे. माझी पेटी!

१८ जानेवारी

पेटी पूर्ण उघडली. तार, पत्रा, काटा, पंखा. चारही कोपऱ्यांना वेगळा थर्मामीटर लावला. सगळे एका सुरात. दोष नाही.

चष्मिशला तसं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे काका." हे 'ठीक आहे' ऐकून माणसाचं रक्त तापावं. पेटीचं नाही.

२१ जानेवारी

कंपनीच्या माणसाचा फोन. पेटीत काही गडबड असल्याचं त्याच्या कानावर गेलंय. कोणी घातलं देव जाणे. "साहेब, त्याचं एकदा स्पष्ट झालं की पुढे बोलू." म्हणजे आता सात नंबर माझ्या नाकावर येऊन बसला.

स्पष्टच करतो.

२५ जानेवारी

केलं. डोकं लागलं ते एवढंच – जागा बदला. सात नंबरची बशी बाजारच्या इन्क्युबेटरात ठेवली, परदेशी, चकचकीत, पाच नंबर आणि नऊ नंबर माझ्या पेटीत. चष्मिशने स्वतःच्या हाताने औषध टाकलं, मी बाजूला हात मागे बांधून उभा.

पाच, नऊ – माझ्या पेटीत, घड्याळासारखे. सात – त्या चकचकीतात, तसाच अडखळला. चढतो, चढतो, आणि मध्येच एक जागा येते तिथे काहीच नाही. थांबतो. आपण श्वास धरतो. मग पुन्हा, घाईघाईने, चुकल्यासारखा.

"काका, तुम्ही बरोबर होता. पेटीत दोष नाही." चष्मिशने सरळ कबूल केलं. म्हटलं, "तुझ्या पाजण्यातही नाही." तेही तितकंच खरं होतं, मीही चुकलो होतो. "दोष नमुन्यातच आहे."

शीळ घालत घरी. ही म्हणाली, "काय लॉटरी लागली?" आईही हसली. हातपाय धुवायला मोरीत गेलो, बाह्या वर केल्या. साबण लावताना डाव्या कोपराच्या आतला तो छोटा पांढरा व्रण दिसला. मसुराएवढा.

तीन वर्षांपूर्वी संस्थेने निरोगी माणसांची कातडी मागितली होती. मी म्हटलं, माझी घ्या, आयुष्यात गोळी घेतलेली नाही. माझ्या आधी सहा जणांनी दिली होती. सातव्या नंबरचा बिल्ला मीच कोरला होता, हौसेने, जरा नक्षीदार.

२६ जानेवारी

सात नंबर मी आहे.

२८ जानेवारी

सुट्टी नाही घेतली. सुट्टीला कारण द्यावं लागतं.

जेवणाच्या वेळेत खोली रिकामी होती. सात नंबरच्या बशीवर सूक्ष्मदर्शकातून डोळा लावला. औषधाशिवाय चांगले चालतात – एक पातळ चटई, सगळी एकदम आखडते, सैल होते. माझ्या छातीवर हात ठेवला. दोघांचं जमत नव्हतं. ते त्यांच्या चालीत, मी माझ्या.

मग पाहता पाहता एक ठोका गेला. औषध नव्हतं काही. नुसताच गेला. आणि त्या रिकाम्या जागेत मला मासा दिसला.

२९ जानेवारी

माशाबद्दल या वहीत कधी लिहिलं नाही. आधीच्या वह्यांतही नाही.

माझा धाकटा भाऊ. पाण्यात असा की घरात, गल्लीत सगळे मासाच म्हणायचे. चोविसाव्या वर्षी गेला. लागलेली तिसरी नोकरी सोडून घरी बसला होता. त्या दिवशी सकाळी आई बोलली. मी तिथेच होतो, रेडिओ उघडून बसलेलो. "भाऊ बघ तुझा, शाळा नाही तरी हाताला काम आहे. तू उजळ तोंडाने गिळतोस कसा? जा, तोंड दाखवू नकोस." कुणाची आई बोलत नाही असं? तो ताट सारून उठला. संध्याकाळी तरणतलावावर गेला, रोजच्यासारखा.

काठावरच्या रखवालदाराने जे पाहिलं ते पुढे सगळ्यांनी पाठ केलं. सरळ रेषेत पोहत होता. मध्यावर थांबला. हातपाय मारले नाहीत, ओरडला नाही. खाली गेला. वरून सगळे तेच म्हणत – मासा बुडतो का कधी? धडपडसुद्धा केली नाही, म्हणजे मनानेच सोडलं.

आईसमोर कोणी बोललं नाही. पण घराला कान असतात. तेव्हापासून आई रोज संध्याकाळी मोरीच्या दारावर कोरडा टॉवेल टाकते. कोणी वापरत नाही. कोणी काढत नाही. सकाळी तीच घडी करून ठेवते. ही या घरात आली तेव्हा तिने एकदा तो धुवायला घेतला होता. आईने तो तिच्या हातातून काढून घेतला. ही त्यानंतर त्याला शिवलेली नाही.

धडपड केली नाही. मध्यावर थांबला.

मी तो थांबा पाहिलाय. बशीत.

३ फेब्रुवारी

डॉक्टरबाईंकडे गेलो. बसा म्हणायच्या आधी बसलो, यावरूनच त्या समजल्या असाव्यात.

"सात नंबर मी आहे."

त्यांनी कपाट उघडलं, कागद काढला, पाहिला, परत ठेवला. "मी दोन दिवस हाच विचार करतेय, तुम्हाला सांगावं की नाही. सही करताना विचारलं होतं – काही सापडलं तर कळवू का? तुम्ही काय लिहिलंय माहितीय?"

"काय?"

"गरज नाही. मी ठणठणीत आहे."

दोघेही हसलो. हसण्यासारखं होतंच.

मग त्यांनी समजावलं. पेशीच्या भिंतीला बारीक दारं असतात. ठोका संपला की एक दार उघडतं, आतला क्षार बाहेर जातो, पेशी पुढच्या ठोक्याला तयार. माझं दार नीट उघडत नाही. एरवी निभावतं. जोर पडला की उशीर होतो आणि पुढचा ठोका मागच्याच्या पायात येतो.

"म्हणजे झडप अडकते. स्प्रिंग ढिली."

"स्प्रिंग नाही, उस्ताद. स्प्रिंग बदलली की झालं असतं. दार ज्या आराखड्यावरून बनतं, त्यात एक अक्षर चुकलंय. प्रत्येक नवं दार तसंच येणार."

"साच्यातच खोट."

"हं. साच्यात."

साच्यातली खोट मला कळते. हजार नग काढा, हजार चुकतात. आणि साचा कुठून आला, हा पुढचा प्रश्न.

माशाबद्दल सांगितलं. आईचं सकाळचं बोलणं, रखवालदाराचे शब्द, सगळं जसंच्या तसं. त्या म्हणाल्या, "पाण्यात हे फार होतं. पोहण्यात पटाईत असलेली माणसंच जातात, कारण त्यांना कोणी राखत नाही. ठोके बिघडले की शुद्ध जाते. धडपडायला शुद्ध लागते." मी विचारलं, आणखी कशाने होतं. "धावणं. भीती. राग, अपमान – त्यानेही होऊ शकतं. पण अपमान सकाळचा होता, पोहणं संध्याकाळचं. मला नाही वाटत. पण छातीठोक कोण सांगणार?"

राग हा शब्द इथे लिहून ठेवतो. आईच्या कानावर नेणार नाही.

५ फेब्रुवारी

छातीला तारा लावून आलेख काढला. लांबला आहे, म्हणाल्या, थोडाच. पन्नाशी गाठलीत हे नशीब. याच चुकीची काही माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच आजाराने जातात. गोळी सुरू. आयुष्यातली पहिली. चव नाही.

हिला सांगितलं. ती पोळपाट बाजूला ठेवून बसली. म्हणाली, "आणि आपली लेक?"

१२ फेब्रुवारी

लेकीचं रक्त दिलं. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रत्येक वाक्याला कलम लावते. सुई टोचताना हसत होती. तिला हसताना पाहवत नव्हतं.

आईला अजून सांगितलेलं नाही. वीस दिवस होत आले मोरीच्या दारावरचा टॉवेल बघतोय आणि गप्प आहे. सांगितलं तर तिच्या छातीवरचा दगड उतरतो – तिच्या बोलण्याने पोरगा गेला नाही. पण पुढचा श्वास घेईस्तोवर ती विचारणार, मग हे आलं कुठून. एक दगड उतरवून दुसरा ठेवायचा. वडील तर विचारायला उरले नाहीत.

१६ फेब्रुवारी

लेकीचं आलं. आहे.

१७ फेब्रुवारी

लेक म्हणाली, "बाबा, लोकांना वडिलोपार्जित घर मिळतं, जमीन मिळते. मला काय, तर हे! कोर्टात गेले तर बक्षीसपत्रही रद्द होणार नाही." हिने तिला मारायला लाटणं उचललं आणि तिलाच धरून रडली. डॉक्टरबाई म्हणतात, कळलं हेच अर्धं औषध. गोळी रोज घ्यायची, एकटीने पाण्यात उतरायचं नाही. पण आमची चूक अगदी नव्या अक्षराची आहे, कोणती गोळी किती धरेल ते त्या बशीतच पाहावं लागेल. चष्मिशने सात नंबरच्या आणखी बश्या लावल्यात. रविवारीसुद्धा येऊन पाजते. तिला मी काय काय बोललो होतो.

लेकीला घरात पाणी पिताना जरी पाहिलं तरी उठून तिच्याजवळ जाऊन उभा राहतो. पूर्वी मी असा नव्हतो. पूर्वी मासा एकटाच होता. आता तो तिच्या मागे उभा असतो.

२३ फेब्रुवारी

सांगितलं.

दुपारी आई खिडकीशी तांदूळ निवडत होती. घरात तिसरं कोणी नव्हतं. तिच्या समोर स्टूल ओढून बसलो. कुठून सुरुवात करावी ते आठवडाभर घोकलं होतं, ते सगळं गेलं.

"आई, मासा बुडाला नाही. मनाने तर नाहीच. त्याचं हृदय पाण्यात थांबलं. आजार होता. माझ्यातही आहे."

तिने निवडणं थांबवलं नाही. "कोणी सांगितलं?"

"यंत्राने."

"कुणाच्या?"

"माझ्या. मी केलेल्या पेटीत दिसलं."

"तू केलेल्या." एक खडा बाजूला काढला. "मग खरं असेल."

मी सगळं सांगितलं. थांबा, धडपड का नाही, पटाईत माणसंच का. राग सोडून सगळं. ती ऐकत होती. ताटातले तांदूळ निवडून कधीच झाले होते, बोटं तशीच फिरत होती.

"आणि हे अंगात येतं कुठून?"

"वडिलांकडून असावं."

"त्यांना काय धाड भरली होती! बैलासारखा माणूस. जिन्यावरून पडून गेला तेव्हा जिनाच मोडला." मग खूप हळू, "मी पडायचे. शाळेत शर्यतीत. पळता पळता अंधार यायचा. बाई तोंडावर पाणी मारायच्या आणि म्हणायच्या, नाश्ता करून येत जा गं."

"आई, तसं काही—"

"गप रे. मला शेंडी लावू नकोस." ताट खाली ठेवलं. "रक्त काय मी निवडून घेतलं होतं? शब्द निवडले होते. बसून, तोलून निवडले होते, त्याला लागावेत म्हणून. एवढी वर्षं मी ते रोज परत निवडतेय. रक्ताने गेला असेल तर जाऊ दे. रक्ताने गेला तर मी आई आहे त्याची. शब्दाने गेला असता तर कोण होते मी?"

तिच्या पायांवर हात ठेवून बसलो. 'राग' हा शब्द जिभेच्या शेंड्यावर होता. गिळला. जन्मभर गिळेन.

२४ फेब्रुवारी

संध्याकाळी मोरीच्या दारावर टॉवेल होता. मला वाटलं होतं नसेल. मी कोण वाटून घेणारा.

६ मार्च

आईचं रक्त तपासलं. तिनेच हट्ट धरला. तिचंच आहे. "सांगितलं नव्हतं?" म्हणाली, जिंकल्यासारखी.

१४ मार्च

आईला संस्थेत आणलं. "मला ते दाखव," हे आठवडाभर चाललं होतं. डॉक्टरबाईंनी खुर्ची उंच करून दिली. चष्मिशने स्वतःचा चष्मा काढून ठेवला आणि आईचा पुसून दिला. आईने डोळा लावला. बराच वेळ काही दिसेना, मग एकदम मान स्थिर झाली.

"हलतंय."

"हो आजी. हे हृदयाचेच तुकडे आहेत."

"कुणाचे?"

चष्मिश माझ्याकडे पाहू लागली. मी म्हटलं, "माझ्या हाताच्या कातडीचे. पण चूक तीच आहे. तुझी, माझी, त्याची."

आई पाहत राहिली. सगळे उभे. खोलीत फक्त ऊबपेटीचा बारीक गुणगुणाट. मग ठोका गेला – आईच्या हाताची बोटं टेबलावर आवळली, त्यावरून कळलं. तो थांबा आम्ही कोणी पाहिला नाही, तिने एकटीने पाहिला. मग बोटं सुटली.

"आला परत," ती म्हणाली. "बघ, हा परत आला."

घरी रिक्षाने गेलो. उतरताना तिने विचारलं, "ती पेटी बंद तर नाही ना करत रात्री?"

"नाही."

"लाईट गेली तर?"

"बॅटरी लावलीय. मीच."

"बरं."

१५ मार्च

टॉवेल नव्हता.

विसरली असेल. विचारलं नाही.

२२ मार्च

रोज संध्याकाळी घरात शिरलो की आधी चहा नाही, आधी, "चालू आहेत ना?" मी म्हणतो, चालू आहेत. कोणाचे, हे ती विचारत नाही. मीही सांगत नाही.

चष्मिशने तिसरी गोळी बशीत वापरून पाहिली. सात नंबर चढला, उतरला, एकदाही थांबला नाही. तिने मला हाक मारली नाही, धावत येऊन बाही धरून नेलं. लेकीची गोळी पुढच्या आठवड्यापासून बदलायची. रात्री पहिल्यांदा माशाशिवाय झोप लागली. पहाटे तो होताच, पण काठावर बसलेला, पाय पाण्यात.

२ एप्रिल

कंपनीचा माणूस परत आला. पेटीबद्दल एक अक्षर नाही, मी आठवण दिली तर म्हणाला, "कुठली पेटी?" त्याला सात नंबर हवाय. अशी चूक अजून कुठे सापडलेली नाही म्हणे, तिच्यावर मोठं औषध निघेल. अट एवढीच की पेशी फक्त त्यांच्याकडे वाढतील, इथल्या सगळ्या बश्या आणि थंड कपाटातलं सगळं नष्ट करायचं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तुमच्या सहीशिवाय होत नाही, आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. आयुष्यभर हातांनी इतकं केलं, त्यातल्या कशालाच कोणी गिऱ्हाईक आलं नाही. आलं ते मी न केलेल्या एकाच गोष्टीला.

नाही म्हणालो. म्हटलं, वडिलोपार्जित चीज आहे, एकट्याला विकता येत नाही. आई हयात आहे, लेक आहे. आणि भावाचा अर्धा वाटा आहे, तो अजून चालू आहे.

घरी सांगितलेलं नाही. पस्तीस लाख देत होते.